ड्रॅग नाही हो, ड्रिफ्ट!

क्लच किती दणकट, हे सांगायला खोक्यावर छापलेले स्टेज १, स्टेज २, स्टेज ३ हे आकडे बघून क्लच घेऊ नका, हे आधीच सांगून टाकते. हे आकडे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवलेत. एका कंपनीचा स्टेज २ म्हणजे पूर्ण गोल, साध्या ऑरगॅनिक अस्तराची प्लेट आणि तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट जरा कडक, तर दुसरीचा स्टेज २ म्हणजे थेट सिरॅमिकचे सहा पक, म्हणजे गोल अस्तराऐवजी सुटे सहा तुकडे. दोन्ही खोक्यांवर शब्द तोच आणि पायाखाली मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

माझी गाडी २००३ची निसान ३५०झेड. राहते न्यू जर्सीत, एडिसनला. आठवडाभर हीच गाडी ऑफिसला नेते आणि उन्हाळ्यात एंग्लिशटाउनच्या रेसवे पार्कवर ड्रिफ्टसाठी, म्हणजे वळणावर गाडी मुद्दाम आडवी घसरवत न्यायला. इंजिनाला फारसा हात लावलेला नाही. कंपनीच्या कागदावर २८७ अश्वशक्ती आणि २७४ फूट-पाउंड टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. हायवेवर चौथ्या गिअरमध्ये जोर दिला की आरपीएम चढायचे आणि गाडी आहे त्याच वेगात. क्लच गेला, हे सांगायला मेकॅनिक लागत नाही.

कोल्हापुरात बाबांनी गाडी शिकवताना एकच धोशा लावला होता, "अर्धा क्लच धरून ठेवू नकोस, प्लेट जळेल." ड्रिफ्टमध्ये नेमकं प्लेटचे हाल करायचे असतात. वळणावर अ‍ॅक्सिलरेटर न सोडता क्लच क्षणभर दाबायचा आणि फटकन सोडायचा, म्हणजे चढलेले आरपीएम एकदम मागच्या चाकांवर येतात आणि टायर पकड सोडतात. हीच क्लच किक. एका फेरीत हे पुन्हा पुन्हा. प्लेट जेमतेम निवते तोवर परत आपला नंबर.

बजेट होतं क्लचला चारशे डॉलर, फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेली, क्लच जिच्यावर बसतो ती जड चकती) वेगळं. त्यात बसणारा एक किट एका ऑनलाइन दुकानात दिसला आणि तिथेच माझी गाडी रुतली.

मला तीनच गोष्टी विचारायच्या होत्या. क्लच किती टॉर्क पेलतो तो दिलेला आकडा इंजिनाकडचा की चाकांवरचा? प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा आहेत का? रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) त्याच्या स्लीव्हसकट येतं की नुसतं? पण विचारायला फॉर्म भरावा लागे. त्यात 'गाडीचा वापर' या रकान्यात पर्याय चार : रोजची, स्ट्रीट, ट्रॅक, ड्रॅग. ड्रिफ्ट नाहीच. मी 'ट्रॅक' निवडून खाली सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, 'तुमच्या ड्रॅग कारसाठी आमचा स्टेज ४ घ्या.' चार पक, स्प्रिंग एकही नाही.

मी एंग्लिशटाउनचं नाव लिहिलं होतं, त्याने घोटाळा झाला असणार. १९६५ सालापासून ते नाव ड्रॅग रेसिंगचंच. तिथली ड्रॅग रेसिंग २०१८ला बंद झाली, हे ग्राहक सेवेतल्या माणसाच्या गावी नव्हतं. परत लिहिलं : ड्रॅग नाही, ड्रिफ्ट. उत्तरात स्टेज ४ला सवलत! दोन दिवस आपण काही बोललो नाही तर तक्रार आपोआप 'निकाली', की पुन्हा नवा नंबर, नवा माणूस आणि पहिल्यापासून तेच पुराण. फोन केला तर तेच संगीत ऐकत बसा.

फरक साधा आहे हो. ड्रॅग म्हणजे सरळ रेषेतली शर्यत, तिच्यात सगळा जीव पहिल्या झेपेत. क्लचने एकदा घट्ट धरलं की काम झालं. ड्रिफ्टमध्ये धक्के सतत बसतात आणि ते झेलायला मधल्या स्प्रिंगा लागतात. त्या नसतील तर धक्का सरळ गिअरबॉक्सला. शिवाय चार पकचा क्लच म्हणजे दिव्याचं बटण, एक तर चालू नाहीतर बंद. संध्याकाळी रूट १च्या ट्रॅफिकमध्ये तो घेऊन रांगून बघा एकदा.

शेवटी एकदाचा फोन गोदामातल्या एका पोरसवद्या मुलाकडे गेला. त्याने खोकं उघडलं, मला प्लास्टिक फाटल्याचा आवाज आला, आणि तो मोजायला लागला : सहा स्प्रिंगा, अस्तर पूर्ण गोल, बेअरिंग आहे, स्लीव्ह नाही. आकडा इंजिनाकडचा आहे हे त्याने खोक्यावरच्या लेबलवरून वाचून दाखवलं. इतक्या दिवसांचं अडलेलं काम त्याने बसल्या जागी उरकलं. ऑर्डर त्यालाच दिली.

टॉर्कच्या आकड्याबद्दल एवढं : चाकांवर ३०० म्हटलं तर इंजिनाकडे साधारण ३५० धरा. आपल्या टॉर्कपेक्षा किमान तीसेक टक्के जास्त क्षमता घ्या, दुप्पट नको, उगाच पेडल जड होतं. एसीटीसारखी क्लच बनवणारी कंपनी हा आकडा यादीतच देते, तिथे फोनाफोनी वाचते. केव्हलारचं अस्तर स्वस्तात मिळालं तरी ड्रिफ्टला नको. एकदा जास्त तापलं की ते चकचकीत होऊन घसरतं.

जुनी प्लेट निघाली तेव्हा अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं आणि प्रेशर प्लेटवर निळे डाग. मूळ फ्लायव्हील ड्युअल मास, म्हणजे मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं, ते सहसा घासून वापरत नाहीत. म्हणून एकसंध स्टीलचं घेतलं. आता न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो, क्लच दाबला की गप्प. घाबरू नका, या गाडीत हे ठरलेलंच आहे.

हो, गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्रँकच्या मागचं ऑइल सीलही बदलून घ्या. तेल गळून नव्या प्लेटवर आलं तर चारशे डॉलर गेलेच म्हणून समजा. आणि नव्या क्लचचे पहिले पाचशे मैल निव्वळ शहरात, क्लच किक बंद. मी तेवढ्यासाठी एक इव्हेंट सोडला, भयंकर जिवावर आलं होतं.