एक सर्व्हर, अनेक डोमेन: आमची वाटचाल

आम्ही सुरुवात केली ती वेबसाइट बनवण्यापासून. साइट लाइव्ह झाली की ग्राहकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: "आता कंपनीच्या नावानं ईमेलही चालू करून द्याल ना?" चार-पाच मेलबॉक्स लागणाऱ्या छोट्या व्यवसायाला स्वतंत्र मेल सर्व्हर परवडत नाही आणि तो सांभाळायला त्याच्याकडे माणूसही नसतो. म्हणून सगळ्यांची डोमेनं एकाच सर्व्हरवर घ्यायची असं ठरवलं. हळूहळू वेबसाइटचं काम मागे पडलं आणि ईमेल हाच आमचा धंदा झाला.

मेल घेण्या-पाठवण्यासाठी पोस्टफिक्स आणि मेलबॉक्ससाठी डव्हकॉट, ही जोडी पहिल्यापासून आजतागायत कायम आहे. डोमेन, मेलबॉक्स आणि अलायस (मेलबॉक्सकडे मेल वळवणारा पर्यायी पत्ता) यांची माहिती डेटाबेसमध्ये राहते, त्यामुळे नवीन डोमेन जोडायला सर्व्हर बंद करावा लागत नाही. 'इन्फो' किंवा 'सेल्स' या नावाचा मेलबॉक्स जवळपास प्रत्येक ग्राहकाला हवा असतो, म्हणून लॉगिनला कायम डोमेनसकट पूर्ण पत्ता वापरतो.

ग्राहकांना पटवून द्यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो सर्व्हरच्या नावाबद्दल. "एमएक्स रेकॉर्डमध्ये आमच्या डोमेनचं नाव का नाही?" असं ते विचारतात. एमएक्स रेकॉर्ड म्हणजे डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायचा हे सांगणारी नोंद. प्रश्न रास्त आहे. पण आमच्याकडून गेलेला मेल स्वीकारणारा समोरचा सर्व्हर आमच्या आयपी पत्त्यावरून (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून) उलट नाव शोधतो, ते नाव पुन्हा त्याच आयपीकडे जातं का हे पाहतो. एका आयपीला असं एकच नाव ठेवणं हिताचं. म्हणून सर्व्हरचं नाव आमच्या डोमेनवर आहे, सगळ्यांचे एमएक्स तिकडेच येतात आणि कनेक्शन सुरक्षित करणारं टीएलएस प्रमाणपत्रही त्या एका नावाचं पुरतं. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात मात्र ग्राहकाचंच डोमेन राहतं, आणि समोरच्याला दिसतं तेही तेच.

डोमेनं वेगळी असली तरी आयपी एकच, म्हणजे त्याची पतही सामाईक. हे आम्हाला माहीत होतं, पण त्याची झळ बसली ती एका ग्राहकाच्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरीला गेला तेव्हा. सकाळी मेलची रांग पाहिली तर हजारो मेल अडकलेले, सगळ्यांचा पाठवणारा एकच. ते खातं ताबडतोब बंद केलं, त्याचे रांगेतले मेल काढून टाकले. तोवर आमचा आयपी एका ब्लॉकलिस्टवर (स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत) गेला होता आणि ज्यांचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांची कोटेशनं परत येत होती. त्या दिवशी प्रत्येक ग्राहकाला आम्ही स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यानंतर प्रत्येक मेलबॉक्सला तासाला किती मेल पाठवता येतील याची मर्यादा लागली. ज्या खात्यानं लॉगिन केलंय, त्याला फक्त स्वतःच्या पत्त्यावरूनच मेल पाठवता येतो, शेजारच्या डोमेनच्या नावानं नाही.

ही पत टिकवण्यातच आमचा बहुतेक वेळ जातो. प्रत्येक डोमेनसाठी डीकेआयएमची, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीची, वेगळी किल्ली बनवतो, म्हणजे एखादा ग्राहक सोडून गेला तरी इतरांना धक्का लागत नाही. एसपीएफमध्ये, म्हणजे डोमेनच्या नावानं कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणाऱ्या रेकॉर्डमध्ये, फार गोंधळ सापडतो. न्यूजलेटरवाल्यानं एक रेकॉर्ड टाकलेला असतो, बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यानं दुसरा. आणि एका डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड असले की तपासणी सरळ नापास होते. दोन्ही एकत्र करताना डीएनएस शोधांची (डोमेनच्या नोंदी पाहण्याची) १० ची मर्यादाही सांभाळावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूनं नियम कडक केले. जीमेलला दिवसाला ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारं डोमेनचं धोरण) तिन्ही सक्तीचे झाले. आमचे ग्राहक त्या आकड्याच्या जवळपासही नाहीत, तरी आम्ही तिन्ही सगळ्यांना लावतो.

काही गोष्टींना आम्ही ठामपणे नाही म्हणतो. डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्यावर आलेला मेल एकाच खात्यात घेणारा कॅच-ऑल त्यातला पहिला. त्यात स्पॅमच भरतो, आणि पत्ता चुकवलेल्या माणसाला आपला मेल भलतीकडे गेल्याचं कळतच नाही. नसलेल्या पत्त्याचा मेल दारातच नाकारला, तर पाठवणाऱ्याला लगेच समजतं.

सध्या एकेका डोमेनचं डीमार्क धोरण नुसत्या निरीक्षणावरून क्वारंटाइनकडे (संशयित मेल स्पॅममध्ये टाकणं) आणि तिथून रिजेक्टकडे (तो नाकारणं) नेतो आहोत. रोज येणारे अहवाल वाचून, ग्राहकाच्या नावानं आणखी कोणकोणती सॉफ्टवेअर मेल पाठवतात ते शोधतो. हजेरीचं एखादं जुनं सॉफ्टवेअर, संपर्क फॉर्म, स्कॅन करून मेल करणारा प्रिंटर असं काहीतरी हमखास निघतं. ते सगळं आमच्या सर्व्हरवरून, लॉगिन करून पाठवायला लागलं की त्या डोमेनचं काम पूर्ण झालं असं आम्ही धरतो. अजून बरीच डोमेनं बाकी आहेत.