तेलकट केसांची नववी-दहावी

नववीत असताना माझ्या उशीच्या अभ्र्यावर बशीएवढा पिवळट डाग पडलेला असे, आणि तो धुण्याच्या दगडावर घासताना आई दर आठवड्याला एकच वाक्य म्हणे, "एवढं तेल डोक्यात मुरलं असतं तर केस गुडघ्यापर्यंत आले असते की." त्या डागात खोबरेल किती आणि माझ्या स्वतःच्या डोक्यातून आलेले तेल किती, हा प्रश्न तेव्हा घरात कोणालाच पडला नव्हता. माझी भाची आता चौदा वर्षांची आहे. तिने मागच्या आठवड्यात दुकानाच्या फळीवरील चार बाटल्यांची छायाचित्रे पाठवून "मावशी, केस फार चिकट होतात, यातली कोणती घेऊ?" असे विचारले, तेव्हा मला तो अभ्रा आठवला. तिला लिहिता लिहिता उत्तर इतके लांबले की ते इथेच मांडलेले बरे, असे वाटले.

साल 2006. आम्ही येळ्ळूरला राहत होतो आणि मी बसने बेळगावच्या मराठी शाळेत जात असे. दोन वेण्या वर दुमडून लाल फितींनी बांधायच्या, हा शाळेचा नियम होता, आणि वेण्या घालण्यापूर्वी केस चापून बसावेत म्हणून ओंजळभर खोबरेल चोळायचे, हा आईचा. डोक्यावरून आंघोळ फक्त रविवारी. गुरुवार आमच्या घरी वर्ज्य होता आणि पाळीच्या दिवसांत चौथ्या दिवसापर्यंत डोके धुवायचे नसे, त्यामुळे रविवार नेमका त्या दिवसांत आला की दोन न्हाण्यांमध्ये दहा-अकरा दिवस सहज जात. बुधवार उजाडेपर्यंत भांगाच्या दोन्ही बाजूंचे केस एकमेकांना चिकटून त्यांच्या सुतळीसारख्या बटा होत आणि फितीच्या घडीत काळपट ओशट रेघ उमटे. ती फीत पुढच्या बाकावरील मुलीने दोन बोटांच्या चिमटीत धरून उचललेली मला आजही दिसते.

या वयात डोके तेलकट होते यात अस्वच्छतेचा काही संबंध नसतो, हे मला त्या वेळी कोणी सांगितले असते तर फार बरे झाले असते. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक छोटी तैलग्रंथी असते आणि तिच्यातून येणाऱ्या स्रावाला सीबम म्हणतात. वयात येताना शरीरात अँड्रोजन गटातील, म्हणजे पुरुषी समजली जाणारी, संप्रेरके (हार्मोन) वाढू लागतात. ती मुलांप्रमाणेच मुलींतही असतात, आणि त्यांच्या प्रभावाने या ग्रंथी मोठ्या होऊन जास्त स्राव सोडू लागतात. चेहरा आणि डोके या दोन जागी त्यांची दाटी अधिक असल्यामुळे मुरमे आणि ओशट केस बहुधा हातात हात घालून येतात. त्यातून केस बारीक आणि सरळ असतील तर तेल मुळापासून खाली झरझर पसरते. कुरळ्या केसांच्या माझ्या चुलत बहिणीचे डोके तेच तेल लावूनही चार दिवस टवटवीत दिसे, ते याच कारणाने. मी मात्र तिच्यावर आईचा अधिक लोभ असल्याचा निष्कर्ष काढला होता.

घरात दुसरी एक समजूत घट्ट बसली होती, ती म्हणजे डोके वारंवार धुतले की केस गळतात आणि तेलही जास्त सुटते. "रोज डोकं धुवून काय करालीस ग, केस राहातील काय?" हे आईचे ठरलेले. वस्तुतः तैलग्रंथीला बाहेर काय धुतले गेले याची वर्दी पोहोचत नाही, कारण तिचा कारभार आतल्या संप्रेरकांवर चालतो. आठवडाभर अडकून राहिलेले, एरवीही गळणारच होते असे केस न्हाणीघराच्या मोरीत एकदम गोळा होऊन दिसतात, म्हणून धुण्यावर आळ येतो. ज्याचे डोके दोन दिवसांत तेलकट होते त्याने दोन दिवसांनी ते धुवावे, यात काहीही बिघडत नाही.

हे माहीत नसल्यामुळे मी आडमार्गांनी गेले. लिंबू चोळले, तर फणीने ओरखडलेल्या जागी अशी आग झाली की डोळ्यांतून पाणी आले. डाळीचे पीठ लावले, ते वाळून केसांत अडकले आणि दोन दिवस भांगातून कणकण पडत राहिले. एकदा शाळेत निघण्यापूर्वी अंगाला लावायची पावडर भांगावर भुरभुरली. पावडर तेल शोषते, ही कल्पना अगदीच खुळी नव्हती, कारण बाजारातील कोरडे शॅम्पू पिठूळ पदार्थाच्या जोरावर हेच करतात. पण माझा हात सैल सुटला आणि प्रार्थनेच्या रांगेत बाईंनी सगळ्यांसमोर विचारले, "गिरणीतनं थेट शाळेला आलीस काय?"

शिकेकाईविषयी मात्र जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण आमच्याकडे तिला देवाच्या खालोखाल मान आहे. आजी रविवार पेठेतून शिकेकाई, रिठे, आवळकाठी, नागरमोथा आणि मेथ्या आणून गच्चीवर कडकडीत वाळवी आणि गिरणीत दळून आणी. गिरणीवाला शिकेकाई सर्वांत शेवटी घेई, कारण तिच्यामागून जोंधळे दळले तर भाकरी कडू होते आणि दळताना उडणाऱ्या पुडीने सगळी रांग शिंकत सुटते. शिकेकाईच्या शेंगांत आणि रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात, ती पाण्यात फेस आणतात आणि तेल सोडवतात. तेव्हा आजीचे शास्त्र खोटे नव्हते. अडचण प्रमाणाची होती. आज बाटलीत मिळणाऱ्या शॅम्पूच्या मानाने ही द्रव्ये सौम्य, आणि त्यांच्यासमोर आव्हान होते आठवड्याभराच्या खोबरेलाचे आणि त्याखाली साचलेल्या सीबमचे. शिवाय मेथ्यांचा बुळबुळीतपणा केसांवर पातळ थर सोडतो. आजीच्या रुक्ष, पांढऱ्या केसांना तो लाभदायक होता, आणि माझ्या केसांना तो आणखी चप्प बसवत होता. एकच पूड दोघींना लावायची आणि दोघींकडून सारख्याच फळाची अपेक्षा करायची, हा आमच्या घराचा न्याय होता. मेथ्या वगळून आणि रिठे वाढवून पाहिले असते तर कदाचित निभावले असते. पण आजीच्या पाककृतीत हात घालण्याची कोणाची प्राज्ञा होती?

शिकेकाई संपली की शिकेकाईच्या नावाने विकली जाणारी साबणाची वडी येई, आणि खरी गफलत तिथे होती. आमच्या परसातील बोअरचे पाणी जड होते. त्यात तुरीची डाळ लवकर शिजत नसे आणि तांब्याच्या हंड्याला आतून पांढरा चुन्यासारखा थर चढे. अशा पाण्याला पुस्तकात दुष्फेन म्हणतात. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात, आणि बादलीच्या काठाला जी करडी कड धरते ती त्याचीच. तीच कड माझ्या केसांवरही बसत होती. दिवाळीच्या सुट्टीत टिळकवाडीला आत्याकडे गेले, तिथे नळाला राकसकोप जलाशयाचे हलके पाणी येई. तोच साबण, तेच डोके, आणि तरीही न्हाऊन आल्यावर केस बोटांतून सुटून पडले. आत्याने त्याचे श्रेय स्वतःच्या हाताच्या चोळण्याला दिले. मला त्याचा उलगडा पुढे अकरावीत रसायनशास्त्र शिकताना झाला. शॅम्पूतील धुणारी द्रव्ये साबणाहून वेगळ्या घडणीची असतात आणि जड पाण्यात त्यांचा असा साका होत नाही. साबण अल्कधर्मी असतो, तर डोक्याची त्वचा किंचित आम्लधर्मी, हाही फरक आहेच. म्हणून भाचीला पहिली गोष्ट सांगितली ती हीच की अंगाची किंवा शिकेकाईची, कोणतीही वडी डोक्याला लावायची नाही.

दहावीत मी स्वतःच्या पैशांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून शॅम्पूच्या पुड्या आणू लागले. एक रुपयाची ती पुडी दुकानदार माळेतून फाडून देई. गंमत अशी की शॅम्पू हा शब्द आपल्याच चांपण्या-चेपण्यातून इंग्रजांनी उचललेला आहे. पाटण्याहून गेलेल्या दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील ब्रायटन येथे अंगमर्दनाची स्नानगृहे चालवली, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ मालीश एवढाच होता. माझी पहिली पुडी पूर्ण वाया गेली. थेट वेणीच्या शेंड्यांपासून चोळायला सुरुवात केली, फेस आलाच नाही, आणि पुडीत भेसळ आहे असे मी ठरवून टाकले. फेस न येण्याचा अर्थ एवढाच असतो की सगळा शॅम्पू तेलाला चिकटण्यातच खर्ची पडला. अर्धी पुडी फुलपात्रातील पाण्यात कालवून, बोटांच्या टोकांनी फक्त मुळांशी चोळून धुवायची, मग उरलेली अर्धी त्याच पद्धतीने पुन्हा लावायची. दुसऱ्या वेळी फेस येतो, आणि तो ओघळताना शेंडे आपोआप स्वच्छ होतात. ही क्लृप्ती मला कोणत्याही जाहिरातीने शिकवली नाही. बसमध्ये शेजारी बसणाऱ्या, परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या एका ताईने शिकवली.

आता त्या चार बाटल्यांविषयी. त्यांपैकी दोन कोरड्या, रुक्ष केसांसाठी होत्या. अशा शॅम्पूंत केस मऊ भासावेत म्हणून बहुधा डायमेथिकोनसारखे सिलिकोन किंवा वनस्पती-तेले घातलेली असतात, आणि बारीक, तेलकट केसांवर ती बसली की संध्याकाळपर्यंत पुन्हा तीच कळा. तिसरीत शॅम्पू आणि कंडिशनर एकत्र होते, म्हणजे एका हाताने धुवायचे आणि दुसऱ्याने माखायचे. चौथी सर्वांत स्वस्त, पारदर्शक द्रवाची, विशेष काही न मिरवणारी. ती घे, असे मी कळवले. मागील बाजूस मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, तेवढे वाचायची सवय लागली की पुढची कांदा, कोरफड आणि हिमालयाची चित्रे आपोआप निष्प्रभ होतात. कंडिशनर लावायचेच असेल तर कानाच्या खालच्या केसांना, मुळांना कधीही नाही.

एका बाबतीत मात्र शॅम्पू बदलून भागत नाही. दहावीच्या पावसाळ्यात माझ्या भांगात पिवळसर, तेलकट खपल्या दिसू लागल्या. आषाढात आमच्याकडे केस दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि ओल्या वेण्या तशाच बांधून शाळेत जावे लागते. त्या खपल्या पाहून आईने कोरडेपणाचे निदान केले आणि तेल दुप्पट केले, तेव्हा खाज इतकी वाढली की मी पेन्सिलीने डोके खाजवू लागले. "थांब, मी बघतो काय करायचं ते," आई शेवटी म्हणाली (बेळगावच्या बाईला 'बघते' म्हणायला कधी जमले नाही) आणि मला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी सांगितले की मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, प्रत्येकाच्याच डोक्यावर असते, तिचा निर्वाह तेलातील मेदाम्लांवर होतो, आणि आपण वरून तेल ओतणे म्हणजे तिला पंगत वाढणे. 2 टक्के केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, लावल्यावर पाच मिनिटे तसाच ठेवून मग धुवायचा, आणि तोवर तेल पूर्ण बंद. तीन आठवड्यांत डोके शांत झाले. पाच मिनिटे थांबणे महत्त्वाचे होते, कारण त्याआधी मी दुकानातील कोंड्याचा शॅम्पू लावून लगेच धुवून टाकत असे आणि तो निकामी असल्याचे सगळ्यांना सांगत फिरत असे. निघताना डॉक्टरांनी आईला आणखी एक गोष्ट विचारली, ती म्हणजे पाळी नियमित येते का आणि हनुवटीवर राठ केस येतात का. तेलकटपणासोबत ही लक्षणे असतील तर संप्रेरकांची तपासणी करावी लागते, हे मी भाचीच्या आईला वेगळे कळवले आहे.

त्याच भेटीत माझ्या कपाळावरील बारीक पुटकुळ्यांचाही छडा लागला. त्या नेमक्या केसांच्या रेषेलगत होत्या, जिथे खोबरेल ओघळून येई. डोक्याला लावायच्या तेला-मलमांनी येणाऱ्या अशा पुटकुळ्यांना अमेरिकेतील त्वचातज्ज्ञांनी 1970 साली स्वतंत्र नावही दिले आहे. आईला हे ऐकून फार वाईट वाटले. तिच्या लेखी तेल म्हणजे माया होती, आणि ती मला अपाय करत होती, असे एका परक्या माणसाने तिला तोंडावर सांगितले होते.

तिची समजूत पुढे काही वर्षांनी पटली, तीही अर्धीच. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय संशोधनात असे आढळले होते की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, तर सूर्यफुलाचे किंवा खनिज तेल तसे करत नाही. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतील होते, हे ध्यानात ठेवूनही मला त्यात तथ्य वाटते. पण हा लाभ केसाच्या काडीला आहे, डोक्याच्या त्वचेला नाही, आणि तो धुण्यापूर्वी लावल्यानेही मिळतो. तेल लावून आठवडाभर मिरवावे, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तेल चांगलंच की," आणि पुढचे तिने ऐकले नाही.

भाची गेल्या शनिवारी माझ्या आईकडे राहायला गेली. रात्री तिने दूरध्वनी केला, तेव्हा मागून बाटलीचे झाकण उघडल्याचा आवाज आणि आईचा सूर ऐकू येत होता, "मुळाला लावत नाही ग, नुसतं खालच्या केसाला लावतो. सकाळी धू की तुझ्या त्या बाटलीनं." मी तिला हळूच विचारले की अभ्रा कोणता घातला आहे. जुना, फुलाफुलांचा, असे ती म्हणाली.