चाड्यातले पाणी

माझी पुतणी यंदा बारावीला आहे. गणिताचा दुसरा भाग, म्हणजे मुख्यतः कलन (कॅलक्युलस), तिने माझ्याकडून पक्का करून घ्यावा असे घरात ठरले. हा विषय मी किती मनापासून विसरलो आहे, याची कोणाला कल्पना नव्हती. पेपर 80 गुणांचा, वेळ तीन तास.

सूत्रे तिला तोंडपाठ होती. गाडे अडले ते उलट्या शंकूच्या टाकीवर: ठरावीक दराने पाणी ओतले, तर अमुक उंचीला पातळी किती वेगाने चढते? "काका, असं टाकं कोन बांधते?" हा तिचा आक्षेप मलाही मान्य होता. ओसरीवर तूर पाखडत बसलेले आबा म्हणाले, "तिफनीचं चाडं पाह्यलं नाई का व तू?"

कोठ्यातून जुने चाडे, म्हणजे पेरणीच्या तिफणीवरचे बी सोडायचे, वर रुंद होत जाणारे भांडे काढले, बी जाण्याची छिद्रे चिंधीने बुजवली आणि पेल्याने पाणी ओतले. पहिल्या पेल्याला पाणी तीन बोटे चढले, दुसऱ्याला पाऊण बोट, तिसऱ्याला जेमतेम अर्धे. वर तोंड रुंद होत गेल्याने तेवढेच पाणी पसरते आणि चढण्याचा वेग मंदावतो, हे तिला अवकलन, म्हणजे बदलाचा दर काढायचे गणित, मांडण्याआधीच दिसले. ग्रहांच्या तात्कालिक, म्हणजे त्या त्या क्षणीच्या, गतीचा विचार भास्कराचार्यांनी 1150 च्या सिद्धान्तशिरोमणीत केला आहे, असे मी उत्साहाने सांगितले, तेव्हा तिने विचारले, "हे पेपरात येते काय?" येत नाही.

समाकलनात, म्हणजे दरावरून एकूण भर काढायच्या उलट्या गणितात, तिचा घोटाळा निराळाच होता. समाकलनाचे ∫ हे चिन्ह म्हणजे गणिती लायब्निट्सने 1675 मध्ये बेरजेसाठी लांबवलेला एस, हे तिला आवडले. पण उत्तराशेवटचे 'अधिक सी' ती दर वेळी विसरायची. आबांनी विचारले, "ते सी कायचं?" मोटर किती वेगाने पाणी टाकते यावरून हौदात किती भर पडली ते काढता येते, पण मोटर सुरू होण्याआधी हौदात किती पाणी होते ते त्या वेगावरून कळत नाही, तेच सी, असे मी सांगितले. "मंग ते इसरून कसं चालन?" आबा म्हणाले.

रात्री अकराला वीज आली आणि सगळे गव्हाच्या ओलिताला वावरात गेले. सकाळी तिची वही पाहिली, तर पानाच्या माथ्यावर ठळक अक्षरांत 'आधीचं पाणी' असे लिहिले होते. त्याच पानावरच्या सातव्या उदाहरणात सी मात्र राहिलाच होता.