उकिरडा, चारी आणि थिरथिरा : हिवाळी नोंदींचा ६५ वा दिवस

८ जानेवारी. सकाळी साडेसहाला अंगणातल्या तापमापकावर ९ अंश. वारा नाही, धुकं नाही, आभाळ निरभ्र. ना सण, ना सुट्टी, ना घरी पाहुणे. यादीत एकही नवीन पक्षी चढला नाही. तरी या हंगामात सगळ्यात सविस्तर लिहावंसं वाटलं ते आजच्याच फेरीबद्दल.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ५ नोव्हेंबरला पक्षी सप्ताह सुरू झाला, त्या दिवशी ठरवलं की या हिवाळ्यात लांब कुठं जायचं नाही. घर, गावकुसाबाहेरचा उकिरडा, हरभरा-ज्वारीची वावरं, कालव्याची चारी (शेतापर्यंत पाणी आणणारा पाट) आणि पाझर तलाव. जाऊन-येऊन अडीच किलोमीटर, रोज तीच वाट. चार ठिकाणी थांबायचं, दर ठिकाणी दहा मिनिटं, आणि साडेनऊची बस चुकू द्यायची नाही. ६५ दिवसांत सहा खाडे पडले, त्यातले तीन तापाचे. एकूण जाती ६३. आवाजावरून ओळखू येणारे पक्षी गेल्या हिवाळ्यात ९ होते, आता २३ आहेत. माझ्या लेखी खरी प्रगती या दुसऱ्या आकड्यात आहे.

आधीची सहा वर्षं मी नाथसागरला, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, जात होते. पहाटे चारला जीप, सोबत पाच-सहा जण, पैठणच्या अलीकडं उजाडायचं. तिथलं वैभव मी विसरणार नाही. धरण १९७६ साली पूर्ण झालं, १९८६ ला त्याचं पक्षी अभयारण्य झालं, आणि आज मंगोलिया-तिबेटाकडचे पट्टकादंब हिमालय ओलांडून तिथल्या, पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळपेरावर उतरतात. सात हजार मीटरच्या वरून उडाल्याची नोंद आहे त्यांची. पहिल्यांदा तो थवा डोक्यावरून गेला तेव्हा माझे डोळे भरून आले होते. पण घरी आल्यावर एक गोष्ट सलायची. शंभर किलोमीटरवरचे हंस मला ओळखू यायचे, आणि माझ्या परसातल्या लिंबाच्या झाडात सकाळी सहाला कोण बोलतंय ते सांगता यायचं नाही.

आता आजची फेरी.

पहिला थांबा उकिरडा. नाक मुरडू नका, थंडीत त्याच्याइतकी चांगली जागा आमच्या शिवारात दुसरी नाही. शेणखत आतून तापलेलं असतं, कडाक्याच्या पहाटे त्यातून वाफ निघते. बाकी सगळीकडं किडे गारठून पडलेले असताना तिथं बारीक माश्या उठत असतात. जिथं माश्या तिथं थिरथिरा, आमचा हिवाळी पाहुणा पक्षी.

मी त्याला गोठ्याच्या पडक्या भिंतीवर पाहिला, ७ वाजून ४ मिनिटांनी. नर. डोकं, छाती, पाठ काजळी धरल्यासारखी काळी आणि पोट विटकरी नारिंगी. थंडीनं अंगावरची पिसं फुगवून तो लिंबाएवढा गोल झाला होता. पिसांच्या मधे हवा धरून ठेवली की ऊब टिकते, म्हणून हे फुगणं. मान जवळजवळ दिसतच नव्हती. त्या गोळ्याच्या मागून तांबूस शेपटी तेवढी बाहेर, आणि ती थरथरत होती. ती सलग हलत नाही हे मला या वर्षी कळलं. आधी तो एकदा गुडघ्यात मोडल्यासारखा लवतो, मग शेपटी थरारते, तीन-चार सेकंद, मग थांबते. परत लवणं, परत थरार. तारेला बोट लावून सोडावं तसं. मधेच भिंतीवरून खाली झेप, खताच्या कडेवरून काहीतरी उचललं, पुन्हा भिंतीवर, त्याच विटेवर. दहा मिनिटांत ११ झेपा मोजल्या, नऊ वेळा तो त्याच विटेवर परतला.

यंदा तो ९ ऑक्टोबरला आला. गेल्या वर्षी १२ ऑक्टोबरला. हिमालयापलीकडून येऊन याच गोठ्याची हीच भिंत! हा तोच पक्षी आहे का, हे पायात कडं घातल्याशिवाय कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही, मीही सांगत नाही. पण मनातून मी त्याला गेल्या वर्षीचाच धरून चालले आहे. सासूबाईंनी तर त्याचं नावच ठेवलंय. डिसेंबरात एक दिवस मला उशीर झाला, तर दारातून म्हणाल्या, “अगं, तुझा थरथऱ्या दोनदा येऊन गेला की, काय करायलीस आत?” त्यांना मोतीबिंदू झालाय, दुर्बिणीतून त्यांना धड दिसत नाही. पण हलणारी शेपटी दिसते. ऊन्हाला बसल्या की एक नजर भिंतीकडं असते.

दुसरा थांबा हरभऱ्याचं वावर. इथं जाताना सलवार घोट्यापर्यंत भिजते. हरभऱ्यावरचं पहाटेचं दव आंबट असतं, पानांवरच्या आम्लामुळं. आमच्याकडं पूर्वी रात्री पिकावर स्वच्छ धोतर पसरायचे, सकाळी ते पिळून आंब काढायचे आणि पोटदुखीसाठी बाटलीत भरून ठेवायचे. मी एक घाटा तोडते, बोटाला लागलेलं ते आंबट चाटते आणि मग वही काढते. रोजचा नेम आहे हा, आणि थंडीतल्या माझ्या आवडत्या चवींत त्याचा नंबर चहाच्याही वर आहे.

तारेवर १४ वेडे राघू. खांद्याला खांदा लावून, सगळ्यांची तोंडं पूर्वेला. ७ वाजून २५ मिनिटांपर्यंत एकानंही झेप घेतली नाही. त्यांचं पोट उडत्या किड्यांवर, आणि गारठ्यात माश्या-मधमाश्या उडत नाहीत, म्हणून यांची हजेरी उशिराची. मी गेले तीन आठवडे पहिल्या झेपेची वेळ टिपते आहे. डिसेंबरात १३ अंशांची सकाळ होती तेव्हा पहिली झेप ७ वाजून १२ मिनिटांना. आज ९ अंश, आणि पहिली झेप ७ वाजून ४१ मिनिटांना. नोंदी थोड्या आहेत, त्यावरून नियम काढायची घाई करणार नाही. तुमच्यापैकी कुणाकडं तापमापक आणि तारेवरचे वेडे राघू दोन्ही असतील तर हे करून बघा.

याच वावरात पेरताना हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळलेली होती. ती ताटं आता पिकाच्या वर डोकं काढून उभी आहेत, आणि प्रत्येकावर कुणी ना कुणी बसतं. पक्षीथांबे म्हणतात ते हेच. कोतवाल, गप्पीदास, एखादा चीरक तिथं बसून खालच्या घाटेअळ्या टिपतात. गप्पीदासाचा आवाज मी या हिवाळ्यात पक्का केला : दोन गोटे एकमेकांवर आपटावेत तसा ‘टक्’. चारीतले दोन चपटे खडे उचलून मी खरंच आपटून पाहिले आणि समोरच्या नरानं मान वळवून पाहिलं. त्या दिवसापासून तो आवाज विसरले नाही. आवाज पाठ करायला हीच रीत मला लागू पडली. आधी घरातल्या किंवा रानातल्या कुठल्या वस्तूसारखा वाटतो ते शोधायचं, मगच नाव लिहायचं.

हरभऱ्यावरून एक भोवत्या (शिकारी पक्षी) गेला, जमिनीला लागून, पंख वर उचलून तरंगत. मादी किंवा अजून वयात न आलेला पक्षी. पांढुरका की माँटेग्यूचा, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून वहीत नुसतं ‘भोवत्या’ लिहिलं. पूर्वी मी अशा वेळी काहीतरी एक ठोकून द्यायची. आता देत नाही.

तिसरा थांबा ज्वारीचा. आजची गंमत इथं झाली.

मालदांडी ज्वारी महिन्यापूर्वी निसवली, म्हणजे कणसं बाहेर पडली, आता दाणा दुधातून हुरड्यात आलाय. म्हणजे भोरड्यांचा, गुलाबी मैनांचा, मोसम. शेतातल्या आखाड्यावरचे मामा राखणीच्या माळ्यावर उभे, हातात गोफण, पायाशी ढेकळांची रास. पावणेआठला पूर्वेकडून थवा आला. आधी आवाज, रेतीची गाडी रिकामी व्हावी तसा, मग एक काळपट चादर, जी वळताना क्षणभर गुलाबी झाली. दहा-दहाच्या गटांनी मोजून अंदाज काढला, ६०० च्या आसपास. मामांनी गोफण गरगरवली, पण सोडली नाही. थवा ज्वारीवर न उतरता शेजारच्या हरभऱ्यात उतरला होता.

“सोडली नाही का मामा?”

“तिथं अळ्या खायलेत. खाऊ द्या. इकडं आले की मग बघू.”

थवा दहा मिनिटं अळ्या वेचत होता. पुढची रांग खात राहते, मागची उडून तिच्या पुढं जाऊन बसते, तसा अख्खा थवा वावरातून लाटेसारखा सरकतो. त्यांचा गुलाबी रंग अजून मळकट आहे. पिसांची तपकिरी टोकं झिजत जातील तसा तो उजळेल, आणि पळस फुलेपर्यंत ओळखू येणार नाहीत इतके देखणे होतील. मग एक जण उठला, त्याच्यामागं सहाशे, आणि ज्वारीवर कलले. गोफण सुटली. तिचा फटका मी रोज ऐकते, तरी दचकायचं ते दचकतेच.

मामा खाली उतरले. “ताई, रोज उठून काय मोजायलाव तुम्ही?” मी वही दाखवली. तारखेसमोर भोरड्यांचे आकडे : ४०, ०, २५०, ३००, ६००. ते बराच वेळ त्या आकड्यांवर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, “हा शून्याचा दिवस मला आठवतो. त्या दिवशी आभाळ आलतं.” मी पान उलटून पाहिलं. १९ डिसेंबर, ढगाळ. त्यांना वही लागत नाही. मी पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या आठवणीतले गेल्या वर्षांचे मोसम विचारून लिहून घेणार आहे : भोरड्या कधी आल्या, कधी गेल्या, कुठल्या साली आल्याच नाहीत.

निघताना त्यांनी दोन कणसं दिली. आगटी विझत आलेली होती, निखाऱ्यात परतून, तळहातावर चोळून, फुंकर मारून गरम दाणे तोंडात. गोड. आठ वाजता, बोटं गारठलेली, आणि हाताला पोळेल इतके गरम दाणे. दोन मिनिटं दुर्बीण गळ्यात नुसती लोंबत होती.

चौथा थांबा चारी आणि तलाव, इथं आज घाईच झाली. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची पाणीपाळी परवापासून सुरू आहे. २०८ किलोमीटरचा तो कालवा, त्याची एक बारीक चारी आमच्या शिवारापर्यंत येते. पाणी सुटलं की चारीच्या फुटक्या कडेनं पाझरून बांधाखाली चिखल होतो, आणि चिखल झाला की दुसऱ्या दिवशी धोबी पक्षी हजर. आज पांढरे धोबी ७, पिवळा १, शेकाट्या २. नाथसागराचं पाणी माझ्या पायाशी आलेलं पाहून मला दर पाळीला बरं वाटतं. तलावावर वारकरी पक्षी ३२, कपाळावरचा पांढरा टिळा उन्हात चमकत होता. हळदी-कुंकू बदकं ४, टिबुकल्या ९, थापट्या ६, एक राखी बगळा. बस.

दिवसाची बेरीज ३७ जाती.

वहीबद्दल एक सूचना. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत आमच्या मागच्या खोलीची भिंत पाझरली आणि माझ्या दोन वर्षांच्या वह्या ओल्या झाल्या. शाईपेनानं लिहिलेली पानं निळी झाली, एक अक्षर वाचता येईना. त्याच कपाटातल्या जुन्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेल्या नोंदी जशाच्या तशा वाचता आल्या. तेव्हापासून रानात पेन्सिल, आणि रात्री फोनवरून ईबर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, यादी चढवायची. थिरथिऱ्याची गेल्या वर्षीची तारीख वाचली ती पेन्सिलीमुळंच.

संध्याकाळी बसमधून उतरले तेव्हा सहा वाजले होते. घरी सासूबाईंनी चुलीवर वांगं भाजायला ठेवलेलं, भाकर तयार. मी हातपाय धुवून परसात उभी राहिले. शिंजीर नर जास्वंदीवर शेवटची चक्कर मारत होता. डिसेंबरात त्याच्या गळ्यावर काळी रेघ होती तिचा आता पट्टा झालाय, छातीवर जांभळे ठिपके उठायला लागलेत. होळीपर्यंत अख्खा जांभळा होईल. दर गुरुवारी त्याचं चित्र काढते आहे, आजचं सातवं. चोचीचा बाक अजून नीट येत नाही, तो जरा जास्तच वाकडा होतो.

मग बाभळीतून पिंगळ्यांची जोडी भांडल्यासारखी बोलायला लागली. सासूबाई आतून म्हणाल्या, “लिहिलं का त्यांना?” लिहिलं. ६ वाजून २२ मिनिटं, पिंगळा २, फक्त आवाज.

या महिन्यातच पाणपक्ष्यांची आशियाई गणना आहे. जीपमधली जुनी मंडळी येलदरी धरणावर चालली आहेत, मलाही बोलावलंय. मी आमचा तलाव घेतलाय. कुणाला यायचं असेल तर सकाळी पावणेसातला उकिरड्यापाशी या. येताना पायात जुने बूट घाला, हरभऱ्यातून जायचंय.