तुम्ही विचारलंत म्हणून: कुत्रा आणि कोंबडा

"कुत्र्याला सलाइन लावायला रात्री-अपरात्री धावतेस आणि रविवारी कोंबड्याची शागोती करतेस, हे कसं गं?" शिवराक, म्हणजे शाकाहारी, मैत्रिणी विचारतात, नि शेजारी उलट बाजूने, "कुत्र्यावर एवढा खर्च?" आता एकदाच सांगते.

पूर्वी मी तावातावाने म्हणायचे, कुत्र्याला कळतं, कोंबडीला कळत नाही. हे खोटं आहे, हे तेव्हाही मला माहीत होतं.

गोव्यात, डिचोलीच्या घरी कोंबडीने टाकलेलं एक पिल्लू मी खोक्यात बल्बखाली वाढवलं, चिमटीने कणी भरवली. त्याचा लालभडक कोंबडा झाला. मी विहिरीवर निघाले की मागोमाग यायचा. त्याच सुमारास धाकट्या भावाचा ताप उतरेना, तेव्हा आईने राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, कोंबड्याचा नवस बोलला. भाऊ बरा झाला. नवस फेडायच्या दिवशी कोंबडा कुणाच्या हाती लागेना, काजूवर जाऊन बसला. आई म्हणाली, "तू हाक मार गो, तुझ्याकडे येईल." मी हाक मारली. तो खाली उतरला, माझ्या ओंजळीतले दाणे टिपायला लागला. मी उचलला तेव्हा त्याने अंग सैल सोडलं होतं. काकांनी गाऱ्हाणं घातलं, कोयता उचलला. रात्री मी जेवले. आईचा नवस चुकीचा होता, असं मी आजही म्हणणार नाही. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही, कलम 28 मध्ये, धर्माच्या रीतीने मारण्याला गुन्हा मानत नाही. पण कायद्याने माझी ती हाक पुसली जात नाही.

तेव्हापासून मी म्हणते, फरक जनावरात नाही. ज्याला हाकेला यायला शिकवलं, त्याचं आपण देणं लागतो. कुत्र्याचं मी देणं लागते, म्हणून धावते.

इथवर बोलून मी गप्प बसायचे. मग वाटायला लागलं, हे फार सोयीचं आहे. कर्नाटकातून घाट उतरून येणाऱ्या गाड्यांत, क्रेटमध्ये कोंबलेल्या ब्रॉयलरला कोण हाक मारतं? सहा-एक आठवड्यांत तो कापायला तयार होतो. वाढ इतकी झपाट्याने की कित्येकांना धड उभंही राहता येत नाही. हाक मारली नाही म्हणून त्याचं काहीच देणं नाही? उलट, हाक मारावी लागू नये म्हणूनच आपण ते मांस दुकानातून आणतो. त्याच कायद्यात खाण्यासाठी मारण्याला सूट आहे, पण विनाकारण यातना देण्याला नाही. त्या क्रेटकडे बघून ही अट कुणाला आठवते?

2021 मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर झाला, तो वर्षानुवर्षं कुत्र्यांना लस टोचल्यामुळे. मला त्याचा अभिमान आहे. म्हणजे मनात आणलं तर आपल्याला जमतं.

मी ब्रॉयलर बंद केला. गावठी आणते, महाग पडतो, म्हणून क्वचित. याने मी तुमच्यापेक्षा चांगली ठरत नाही. बांगड्याचं विचाराल तर त्याला मी हाकही मारली नाही, त्याच्या यातनाही पाहिल्या नाहीत, आणि तो मी सोडणार नाही.