किती टक्के निघालं?

अँजिओग्राफी म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली, पेशंट ट्रॉलीवर आला आणि ती जिथे होते त्या कॅथलॅबचं दार उघडलं की बाहेरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "किती टक्के निघालं?" म्हणजे रक्तवाहिनी किती टक्के अडलीय. पेशंट कसा आहे, हे त्यानंतर. मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे मी उत्तर देत नाही. "सर येऊन सांगतील" म्हणतो आणि शिशाचा एप्रन खुंटीला अडकवतो. पण या टक्क्यांबद्दल बोलायचं बरेच दिवस मनात आहे.

हा आकडा कुठलंही मशीन आपण होऊन छापून देत नाही. मनगटातून साधारण दोन मिलिमीटर जाडीची नळी हृदयाच्या रक्तवाहिनीच्या तोंडाशी नेतात, एक्स-रेत दिसणारं औषध म्हणजे डाय सोडतात, आणि काही सेकंद पडद्यावर काळी रेघ उमटते. ती जिथे बारीक दिसते तिथे शेजारच्या चांगल्या भागाशी नजरेनंच तुलना करायची आणि म्हणायचं, सत्तर, ऐंशी, नव्वद. नजर तयार असते, अंदाज सहसा बरा असतो. तरी तोच शॉट बघून एक डॉक्टर साठ म्हणतात आणि दुसरे पंचाहत्तर. शिवाय 'शेजारचा चांगला भाग' खरोखर चांगला असेलच असंही नाही. डाय दाखवतो ती आतली पोकळी, भिंत दिसतच नाही. ग्लॅगोव्ह नावाच्या पॅथॉलॉजिस्टनं १९८७ मध्येच दाखवून दिलं होतं, की भिंतीत चरबीचा थर साठू लागला की रक्तवाहिनी आधी बाहेरच्या बाजूला फुगते. थरानं जवळजवळ चाळीस टक्के जागा खाईपर्यंत आतली पोकळी फारशी कमी होत नाही. म्हणजे 'नॉर्मल' रिपोर्टातही आजार असू शकतो.

म्हणून मधल्या आकड्यांना मी फार भाव देत नाही. तिथे आमच्याकडे दाब मोजणारी वायर असते. ती अडथळ्याच्या पलीकडे नेतात आणि रक्ताचा प्रवाह वाढवणारं ॲडेनोसिन हे औषध देतात. पेशंटला छातीत दाटल्यासारखं होतं. मी आधीच सांगून ठेवतो, "काकू, मिनिटभर विचित्र वाटेल, घाबरू नका." मग अडथळ्याच्या पलीकडचा दाब भागिले अलीकडचा दाब. ०.८० किंवा त्याहून कमी आला तर तो अडथळा खरंच रक्त अडवतोय. कितीदा तरी पडद्यावर भीतीदायक दिसणारी जागा ०.८८ देते आणि सर वायर काढून घेतात. २००९ च्या 'फेम' अभ्यासात १००५ पेशंट होते. अर्ध्यांना नजरेनं ठरवून स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या, टाकले, अर्ध्यांना दाब मोजून. मोजलेल्यांना स्टेंट कमी लागले, सरासरी २.७ ऐवजी १.९, आणि वर्षभरात त्यांना त्रासही कमी झाला. पण बाहेर येऊन "स्टेंटची गरज नाही" म्हटलं, की नातेवाईक आनंदण्याऐवजी संशयानं बघतात.

त्यांच्या डोक्यात नळ तुंबल्याचं चित्र असतं: घाण काढली, पाणी वाहू लागलं, विषय संपला. स्टेंट काहीही काढत नाही. फुगा फुगवला की थर भिंतीत दाबला जातो आणि जाळी त्याला तिथेच धरून ठेवते. आजार जिथे होता तिथेच असतो, आणि उरलेल्या रक्तवाहिन्यांतही असतो. हृदयविकाराचे बरेच झटके तर पोकळी फारशी न अडवणाऱ्या थरांतून येतात. थराचं पातळ आवरण फाटतं, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद.

असा पेशंट आला की टक्क्यांची चर्चा कुणी करत नाही. दारातून आत आल्यापासून ९० मिनिटांच्या आत, जमेल तितकं लवकर, वाहिनी उघडायची. राखाडी चेहरा, घामानं चिंब अंग, मॉनिटरवर ईसीजीच्या रेघेतला 'एसटी' नावाचा भाग वर उचललेला. वायर गुठळीपलीकडे गेली, फुगा फुगवला, आणि काळी रेघ अचानक टोकापर्यंत धावते. रक्त परत आलं की हृदय कधीकधी बिथरतं, ठोके वेडेवाकडे होतात, म्हणून शॉक देणारं मशीन, डिफिब्रिलेटर, चार्जच ठेवतो. ठोके फारच मंदावले तर आम्ही ओरडतो, "काका, खोका! जोरात खोका!" ही युक्ती जुनी आहे. १९५८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडला मेसन सोन्स या हृदयाच्या डॉक्टरांची नळी चुकून थेट उजव्या कोरोनरीच्या, म्हणजे हृदयाच्या उजव्या रक्तवाहिनीच्या, तोंडात गेली आणि सगळा डाय तिथेच सुटला. पेशंटचं हृदय थांबलं. सोन्सनी त्याला खोकायला लावलं, ठोके परत आले, आणि त्या अपघातातून आमचा सगळा धंदा सुरू झाला. झटक्याचा पेशंट टेबलवरच "दुखायचं थांबलं" म्हणतो ना, त्यासाठी मी रात्री दोनलाही धावत येतो.

चालताना छाती भरते पण बसलं की थांबते, महिनोन्महिने तसंच आहे, अशा पेशंटची गोष्ट वेगळी. 'करेज' (२००७) आणि नंतर ५१७९ पेशंटांचा 'इस्केमिया', दोन्ही अभ्यासांत चांगल्या औषधांच्या जोडीला स्टेंट किंवा बायपास केल्यानं मृत्यूचं प्रमाण कमी झालं नाही. दुखणं कमी होतं, आणि ज्याला जिना चढता येत नाही त्याला ते थोडं नाही. डाव्या मुख्य वाहिनीतला मोठा अडथळा किंवा फार कमजोर झालेलं हृदय, हे मात्र या हिशेबात धरू नका. असे पेशंट 'इस्केमिया'त घेतलेच नव्हते.

मला चीड येते ती गोळ्यांच्या बाबतीत. अँजिओग्राफीची सीडी प्लास्टिकच्या पिशवीत, कपाटात, कुलपात. कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी मात्र "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं" म्हणून बंद. अहो, ते गोळीमुळेच नॉर्मल आलंय! गुठळी होऊ न देणाऱ्या टिकाग्रेलर या गोळीनं काहींना दम लागल्यासारखं होतं, तेही लोक परस्पर सोडून देतात. त्याला पर्याय असतो, फक्त विचारायचं असतं. नवीन जाळीवर पेशींचं अस्तर चढेपर्यंत तिच्यावर गुठळी बसू शकते, म्हणून ॲस्पिरिनबरोबर रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी असते. झटक्यानंतर साधारण वर्षभर, ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीनंतर (म्हणजे फुगा आणि स्टेंट) साधारण सहा महिने, रक्तस्रावाचा धोका असेल तर कमी. दात काढायचाय म्हणून कुणी "पाच दिवस गोळ्या बंद करा" म्हणालं, तर आधी ज्यांनी स्टेंट टाकला त्यांना फोन करा. नंबर डिस्चार्ज कार्डावर असतो.