रोखठोक: तुम्ही विचारलंत म्हणून

“मॅडम, रोखठोक, परखड, सडेतोड, फटकळ... सगळं एकच ना?” जळगावात बरीच वर्षं मराठी शिकवल्यामुळे हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही गाठतो. पाठोपाठ ठरलेलं शेपूट असतंच: “तुम्ही खान्देशी तर काय, रोखठोकच!”

एकच नाही. सडेतोड असतं ते उत्तर. आधी कुणीतरी अंगावर यावं लागतं. परखड असतं ते मत किंवा टीका, आणि ती समोरचा माणूस गावात नसतानाही करता येते. स्पष्टवक्तेपणा हा स्वभाव. फटकळ हे तोंड, आणि त्याला कुणी चांगलं म्हणत नाही.

रोखठोक मात्र बाजारातून आलेला शब्द. ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीतला तो रोख. (‘बोलण्याचा रोख’ मधला रोख वेगळा, तो दिशा दाखवतो.) रोखठोक व्यवहार म्हणजे या हातानं माल, त्या हातानं पैसे, वहीत बाकी नाही. बोलण्यातही तसंच. जे आहे ते समोर, आत्ता; आणि समोरच्यानं तितकंच परत दिलं तर तेही घ्यायचं. ही दुसरी अट लोक सोयीनं विसरतात.

मीही विसरले होते. लग्नानंतर यावल तालुक्यातल्या सासरी पहिलीच भरीत पार्टी. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली, कळण्याची भाकरी, पन्नासेक माणसं. मी जाऊबाईंना सगळ्यांदेखत म्हणाले, “भरीत पाणचट झालंय हं. मी आपली रोखठोक आहे.” सासूबाईंनी माझ्याकडे न बघता विचारलं, “किती वांगी भाजली तू?” एकही नाही. तो फटकळपणा होता, नाव फक्त चांगलं लावलं होतं.

खरा रोखठोक मी त्याच्या आधी, लहानपणी अमळनेरला पाहिला. आमचे नाना कापसाचे छोटे व्यापारी. एका सकाळी एका शेतकऱ्याची बैलगाडी दारात आली. नानांनी कोपरापर्यंत हात खुपसून आतला कापूस बाहेर काढला, मुठीत दाबला, गालाला लावला.

“आप्पा, वरचा कोरडा आहे. आतल्यावर पाणी मारलंय.”

मला वाटलं, आता शपथा सुरू होतील. आप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

“मारं ना. शेठ, तुम्ही काटा मारतस, मी पानी मारस.”

ओट्यावरचे हमाल एकदम गप्प झाले. नानांचा चेहरा लाल झाला, पण ते ओरडले नाहीत. ओरडायला जागाच नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी गड्याला शेजारच्या दुकानातून वजनं आणायला पाठवलं. ओला कापूस वेगळा काढला, त्याचा भाव कमी लावला, कोरड्याचा पुरा. आप्पा काट्याच्या अगदी पुढ्यात उकिडवे बसून प्रत्येक धारण बघत होते.

मग नानांनी गादीवर नोटा मोजून दिल्या. आप्पांनी त्या तिथंच, नानांसमोर, अंगठ्याला थुंकी लावून पुन्हा मोजल्या. आणि दोघांनी चहा मागवला.